खिशातला खाऊ

कारखान्याचा बॉयलर पेटून पंधरा-वीस दिवस झाले असतील. शिवारात तोडी चालू होत्या, रस्त्यानं रात्रभर ट्रॅक्टर पळत होते. रात्री दीडच्या सुमाराला रडण्याचा आवाज कानावर आला तेव्हा आधी वाटलं, ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवरचं कुणाचं तरी पोर असेल. मग ध्यानात आलं, हे आपल्याच घरातलं आहे.

नातू अंथरुणात उठून बसला होता, गालावर हात दाबून. सहा वर्षांचं पोर, यंदाच पहिलीत गेलेलं. सूनबाईनं लवंग ठेचून कापसाच्या बोळ्यातून दाढेत धरली होती, ती तो थुंकून टाकत होता. आमची मंडळी म्हणाली, "दुधाची दाढ हाय, पडंल आपसूक. उगं घाबरू नका." मुलगा म्हणाला, "सकाळी बघू." मी त्याला मांडीवर घेतला. रडता रडता तो मधेच थांबायचा, हुंदका गिळायचा आणि म्हणायचा, "आबा, तू काढ की."

आजवर त्याला नको होतं ते मी काढलं होतं आणि हवं होतं तेही काढलं होतं. पायातला काटा, सायकलीच्या चाकात गुंडाळलेली सुतळी, खिशातला खाऊ. हे मात्र माझ्या हातानं निघणारं नव्हतं.

उजाडेपर्यंत गाल सुजून एक डोळा बारीक झाला. गाडीवर दोघांच्या मधे बसवून त्याला तालुक्याला नेला. दातांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पोराशी गोड बोलून त्याला आ करायला लावलं, आतून बाहेरून बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"आजोबा, बॅटरीच्या उजेडात बघा. या खालच्या दाढेला मुळापर्यंत पू झालाय, ही काढावी लागेल. वरच्या दोन भरता येतील. पण मला काळजी त्यांची नाही. हिची आहे." असं म्हणून त्यांनी अगदी मागच्या दाढेवर आरसा धरला. "ही दुधाची नाही."

मी म्हणालो, "त्याचा तर अजून एकच पुढचा दात पडलाय."

"तेच तर सगळ्यांचं चुकतं," बाई म्हणाल्या. "दुधाचे दात वीस. ते पडून त्यांच्या जागी दुसरे येतात हे आपल्याला ठाऊक असतं. ही दाढ कुणाच्या जागी येत नाही. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं ती नवीच उगवते. काही पडत नाही म्हणून घरात कुणाला कळत नाही. दुधाचीच समजून सोडून देतात. ही त्याला म्हातारपणापर्यंत पुरायची आहे आणि हिच्यावर आत्ताच काळा ठिपका आलाय."

मी त्या ठिपक्याकडं बघत राहिलो. त्या दाढेनं अजून एक पावसाळासुद्धा धड बघितला नव्हता.

मग बाईंनी विचारलं, "हा दिवसातून किती वेळा खातो?"

मी कौतुकानं म्हणालो, "खायला चांगला हाय."

"किती खातो ते नाही विचारलं. किती वेळा?"

मी बोटं मोजायला लागलो. सकाळी उठल्याबरोबर चहाबरोबर बिस्किटं. शाळेच्या वाटेवर दुकानातून एक चॉकलेट. मधल्या सुट्टीत कुरकुरीत काहीतरी पाकिटातलं. घरी आला की चहा-खारी. संध्याकाळी माझा पुडा. टीव्हीपुढं बसून आजीनं दिलेला लाडू नाहीतर जेली. रात्री झोपताना साखर घातलेलं दूध. जेवणं यात धरलेलीच नाहीत. एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हाताची चालू झाली तेव्हा मी थांबलो.

बाईंनी समजावून सांगितलं. दातावर एक चिकट साय असते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि त्याचं आम्ल करतात. त्या आम्लानं दाताचा वरचा कठीण थर मऊ पडतो. मग तोंडातली लाळ ते आम्ल धुऊन काढते, दाताला झालेली झीज थोडी भरून आणते. याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. पण तेवढ्यात पुन्हा काहीतरी तोंडात गेलं की लाळेला काम पुरं करायला मिळत नाही. दिवसातून सात-आठ वेळा असं झालं की दात सावरतच नाही. म्हणून एकदाच बसून मूठभर गोड खाल्लेलं परवडतं, चिमूट चिमूट दिवसभर खाल्लेलं परवडत नाही.

मी म्हणालो, "म्हणजे वाफसाच येत न्हाई म्हणा की."

त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागलं. आम्ही पाटानं पाणी देणारी माणसं. उसाला एक पाणी दिलं की रान वाफशावर येईपर्यंत थांबावं लागतं, मधे मातीला हवा मिळावी लागते. घाईनं पाण्यावर पाणी दिलं की मुळ्या कुजतात. कृष्णाकाठची कितीतरी काळीभोर रानं अशा जास्तीच्या पाण्यानं क्षारपड झालेली आम्ही बघितली आहेत. तिथं आता कुसळ उगवत नाही. त्या रानांना कुणी वैरानं पाणी दिलं नव्हतं. पीक जोमानं यावं म्हणूनच दिलं होतं.

बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. हेच मी दुसऱ्यांना सांगत जाईन." पण मला त्या शाबासकीनं बरं वाटलं नाही. जे मला रानाबाबत चाळीस वर्षं कळत होतं, ते पोराच्या तोंडाबाबत कसं कळलं नाही?

सुई टोचताना पोरानं माझा अंगठा इतका घट्ट धरला की नखाचा वण दोन दिवस राहिला. काढलेली दाढ बाईंनी कापसात गुंडाळून दिली. घरी आल्यावर आजीनं ती बघितली. आमच्या घरी पोराचा पहिला दात पडला की शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायची रीत. याचा पुढचा दात पडला होता तेव्हा आजीनं हौसेनं ते केलं होतं. ही काळी, पोखरलेली दाढ तिनं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि काही न बोलता उकिरड्याच्या बाजूला गेली. ही पडलेली नव्हती, वेळेआधी उपटलेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात सगळ्यांनीच त्याला खाऊ घातला होता, पण दुसऱ्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या पुड्याचा हिशेब मांडला.

संध्याकाळी डेअरीत दूध घालून येताना पाच रुपयांचा पुडा घ्यायचा, ही माझी तीन-साडेतीन वर्षांची सवय. पोरगं दारात वाट बघत असायचं. गाडीचा आवाज आला की पळत यायचं आणि थेट सदऱ्याच्या खिशात हात घालायचं. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे दिसायचं त्यासाठी मी दिवसभराचा शीण विसरायचो. हे खोटं नाही. पण त्या रात्री मी स्वतःला विचारलं, हा पुडा मी कुणासाठी आणत होतो? त्याला भूक लागलेली नसायची. आई हाक मारून जेवायला बोलवत असायची आणि पुडा खाल्ल्यामुळं तो जेवायचा नाही. भूक मला लागलेली असायची, त्यानं पळत यावं याची. पाच रुपयांत मी ते पळत येणं विकत घेत होतो आणि उरलेली किंमत त्याच्या दाढेनं भरली.

माझ्या वडिलांनी मला कधी रोजचा खाऊ आणला नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? बाजारच्या दिवशी चुरमुरे-फुटाणे, जत्रेत गोडी शेव आणि रेवड्या. बाकी गोड म्हणजे सणाचं. होळीची पोळी, पंचमीची दिंडं, दिवाळीचा फराळ. साखर रेशनवर मिळायची, चहा गुळाचा असायचा. थंडीत गुऱ्हाळ लागलं की मात्र आमच्यावर कुणाचा धरबंद नसायचा. गरम काकवी, कढईच्या कडेचा गूळ, तोंड सोलवटेपर्यंत ऊस. पण ते महिना-दीड महिना. गुऱ्हाळ उठलं की गोडही उठलं.

तरी आमच्या वेळी सगळ्यांचे दात मोत्यासारखे होते, असली थाप मी मारणार नाही. म्हातारी माणसं अशा गोष्टी नातवंडांना सांगतात, त्यातली अर्धी खोटी असतात. माझी आई मिश्री लावायची. तिच्या हिरड्या सुटल्या आणि पन्नाशीत तिचं तोंड बोळकं झालं. वडील राखुंडीनं दात घासायचे, तेही कधी घासायचे, कधी नाही. दाढ ठणकली की गावात वैदू यायचा. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो नळीनं धुरी द्यायचा आणि पाण्याच्या ताटलीत बारीक बारीक काहीतरी दाखवून म्हणायचा, "बघा, किडं पडलं." आम्ही डोळे फाडून बघायचो. आता कळतं, दातात किडा कधी नव्हताच. पण शब्द तसाच राहिला. दात किडला, असंच आपण म्हणतो. कीड म्हटलं की ती बाहेरून आली, आपला काही दोष नाही, असं वाटतं. ज्वारीवर कीड पडते तशी पोराच्या दातावर पडली. औषध मारलं की झालं.

आणि मग उसाचा विचार आला. तो मी टाळत होतो.

माझा तीन एकर ऊस असतो. एकरी चाळीस टन धरला तर एकशे वीस टन. आमच्या भागात साखर उतारा बारा टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे माझ्या रानातून वर्षाला चौदा टनांच्या वर साखर निघते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं आहे की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. पोराला त्याहूनही कमी. हा आकडा बाईंच्या दवाखान्यातल्या भिंतीवर होता. मी कागदावर हिशेब केला. एक किलो साखर एका माणसाला चाळीस दिवस पुरायला पाहिजे. माझ्या एकट्याच्या तीन एकरांत दीड हजार माणसांची वर्षाची साखर पिकते. आणि आमच्या गावात माझ्यासारखे शे-दीडशे ऊसवाले आहेत.

या उसानं आम्हाला काय दिलं ते मी विसरणार नाही. पन्नासच्या साली प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे-पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या वाटेनं पुढं गावोगावचा शेतकरी माणसात आला. आमचं कौलारू घर जाऊन स्लॅबचं झालं, मुलाचं आणि लेकीचं शिक्षण झालं, ते उसाच्या बिलावर. दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर यायची तेव्हा पोत्याला हळद-कुंकू लागायचं. ज्या घरात साखर मोजून वापरायची, त्या घरात ती पोत्यानं आली. आम्ही ती हात सैल सोडून वाटली. ज्याला आयुष्यभर चिमटीनं मिळालं, त्याला ओंजळीनं द्यायला मिळालं की तो थांबत नाही. आमची पिढी थांबली नाही.

पारावर मी हे बोललो तर एक जुना मित्र हसला. म्हणाला, "आरं, लोहारानं कोयता केला म्हणून त्यो काय मुडद्याला जबाबदार? तू ऊस पिकीव. खायाचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं."

मी दोन दिवस त्यावर विचार केला. त्याचं अर्धं बरोबर आहे. ऊस पिकवणं हे पाप आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही. साखर विष नाही, आणि माझं घर त्यावर उभं आहे. उद्या मी ऊस मोडला तर दुसरं कोणतं पीक मला असा नेमका भाव देईल हेही मला माहीत नाही. पण लोहार कोयता करतो आणि गिऱ्हाइकाला विकतो. तो सहा वर्षांच्या पोराच्या हातात धार लावून देत नाही. मी दोन्ही करत होतो. उसाच्या पाप-पुण्याचा हिशेब माझ्या आवाक्याबाहेरचा असेल, खिशाचा माझ्या आवाक्यातला होता.

माझी लेक पुण्याला असते. तिची मुलगी याच्याच वयाची. लेकीच्या घरी गोड खायचं ते जेवणाबरोबर, नाहीतर रविवारी. रात्री ब्रश झाला की पाण्याशिवाय काही नाही. आम्ही तिला नावं ठेवायचो. आजी म्हणायची, "पोरीला घास मोजून घालती. शेरातली माणसं चिक्कूच." मे महिन्यात नात गावाला आली की आम्ही तिला दोन महिन्यांत वर्षाची भरपाई करून द्यायचो आणि लेक गप्प बसायची. दाढेचं झालं तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आबा, हिचे पुढचे चार दात तिसऱ्या वर्षीच किडले होते. रात्री बाटलीतनं दूध पीत झोपायची. आमच्या इमारतीखालीच दातांचा दवाखाना, म्हणून लवकर कळलं. मी काही जन्मतः शहाणी नव्हते."

तेव्हा मला शहर आणि गाव यातला फरक कळला. आम्ही समजत होतो शहरातली पोरं नाजूक, पावाबिस्किटावर वाढलेली, त्यांचे दात किडणारच. गावची पोरं भाकरीवर वाढलेली, टणक. एके काळी त्यात तथ्य असेल. आता गावातल्या पाच दुकानांत पाकिटांच्या माळा लोंबतात. शहरातल्या पोराला खाऊ मिळाला तसा ब्रश मिळाला, टोकणारी आई मिळाली, जिन्याखाली डॉक्टर मिळाला. गावात खाऊ आधी पोचला. त्याच्या मागनं यायचं ते अजून वाटेतच आहे. शहरात दाढ भरतात. आमच्याकडं ती ठणकेपर्यंत ठेवतात आणि मग उपटतात. किडण्यात दोघं सारखी झाली, सावरण्यात नाही.

मागची दाढ भरायला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी बाईंना विचारलं, "हे मधे मधे खाल्ल्यानं जास्त किडतं, हे कसं शोधलं असंल ओ?" त्यांनी सांगितलेली गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. स्वीडन देशात लुंड गावी विपेहोल्म नावाचं इस्पितळ होतं. तिथं बुद्धीनं अधू असलेली माणसं ठेवत. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथं दातांचा अभ्यास झाला. काही जणांना साखर जेवणाबरोबर दिली. काही जणांना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या दोन जेवणांच्या मधे दिल्या. कुणाला दिवसाला आठ, कुणाला चोवीस. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, टॉफ्यावाल्यांचे भराभर किडले. अभ्यासाला मदत करणाऱ्यांत साखर आणि मिठाईचे धंदेवालेही होते. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

बाई म्हणाल्या, "आज कुणी असं करायला धजणार नाही. पण आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं त्या बिचाऱ्यांच्या दातांवरून कळलंय. त्यानंतर स्वीडनमध्ये सांगायला लागले, पोरांना गोड द्यायचं तर आठवड्यातून एकदा द्या. तिथं शनिवारचा खाऊ अशी रीतच पडली."

त्या अधू माणसांनी टॉफ्या आनंदानं खाल्ल्या असतील. देणाऱ्याकडं बघून हसलीही असतील, खिशाकडं धावलीही असतील. घेणारा खूश आहे, एवढ्यावरून देणारा चांगला ठरत नाही. ज्याला नको म्हणायची अक्कल अजून आलेली नाही, त्याच्या वतीनं नको म्हणणं हे देणाऱ्याचं काम असतं. त्या माणसांना नको म्हणता येत नव्हतं, माझ्या नातवालाही येत नव्हतं. फरक एवढाच की मला तोवर माहीत नव्हतं. आता ती सबब संपली होती.

नवं काहीतरी कळलं की माणूस ते दुसऱ्याला सांगायला धावतो. पौष लागायच्या सुमाराला माझ्या उसाला टोळी आली. बीडकडची माणसं. कोपीपुढं एक तीन वर्षांचं पोर बसलं होतं, हातात बिस्किटाचा पुडा, पुढचे दात हिरडीपर्यंत काळे. दुपारी त्याची आई वाढ्यांची मोळी टाकून पाणी प्यायला आली तेव्हा मी तिला बाईंचं सगळं ज्ञान ऐकवलं.

ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मालक, पहाटं तीनला आम्ही फडात जातो. हे उठलं का रडतंय. थोरली पोरगी आठ वर्षांची, ती काय करंल? पुडा फोडून देती, तेवढ्यावर गप बसतंय. तुमचं डाक्टर म्हणत्यात ते खरं आसंल. मला दुसरं काय देऊ ते बी सांगा."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून घरातनं तांब्याभर दूध आणि दोन भाकरी कोपीवर जायला लागल्या. आठ दिवसांत माझा ऊस संपला, टोळी पुढच्या फडावर गेली आणि आमचं दूध इथंच राहिलं. मी ऊस लावतो, ती तोडते, त्याची साखर होते, साखर पुड्यात जाते आणि तो पुडा पाच रुपयांना पुन्हा तिच्याच पोराच्या हातात येतो. या साखळीत मला माझ्या उसाचं बिल मिळतं. तिला काय मिळतं ते त्या पोराच्या तोंडात दिसत होतं. मी माझ्या नातवाचा खाऊ बंद करून मोकळा होऊ शकतो. तिच्या पोराचं काय, हा प्रश्न माझ्या एकट्याच्या खिशात मावणारा नाही. पण तो माझा नाही, असंही मी आता म्हणत नाही.

घरात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. बाईंनी सांगितलं होतं, आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसानं करून द्यायचा, पेस्ट वाटाण्याएवढी, त्यानंतर फक्त पाणी. ते काम मी घेतलं. चहा त्याचा बंद, दूध बिनसाखरेचं. आजीनं विचारलं, "गूळ तरी चालतो का?" दाताला गूळ आणि साखर सारखीच, गूळ उलट चिकटून बसतो, हे ऐकून ती दोन दिवस माझ्यावर रुसली. ऊस खायचा तर जेवणावर, एका जागी बसून. चघळत हिंडायचं नाही.

संक्रांतीला मात्र मी काही आडवं घातलं नाही. सुगडात उसाची पेरं, बोरं, हरभऱ्याचे घाटे घातले, तिळाच्या पोळ्या झाल्या, पोरानं तिळगूळ पोटभर खाल्ला. सणाचं गोड सणाला. आमच्या जुन्या माणसांना जंतू आणि आम्ल ठाऊक नव्हतं आणि त्यांच्याकडं रोज गोड करण्याएवढा पैसाही नव्हता. त्यांचा तो शहाणपणा होता की गरिबी, हे मला सांगता येत नाही. गरिबी गेली तेव्हा आम्ही शहाणपणही तिच्याबरोबर घालवलं, एवढं सांगता येतं.

सगळ्यात अवघड गेली ती संध्याकाळ. पुडा बंद केल्यावर पहिल्या दिवशी मी डेअरीवरून येताना रानात थांबून हरभऱ्याचा डहाळा उपटला आणि घाटे सोलून खिशात टाकले. पोरगं पळत आलं, खिशात हात घातला, मूठ बाहेर काढून बघितली आणि घाटे माझ्या पायावर टाकून आत निघून गेलं. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या शेंगा होत्या, त्या त्यानं घेतल्या पण हसला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला तरी तो दाराशी आला नाही.

मी गाडी लावली आणि ओसरीवर बसलो. माझ्या वडिलांची रिकामी बंडी आठवली. मी कधी तिच्या खिशात हात घातला नव्हता, तरी ते रानातून आले की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. कशासाठी बसायचो? आता आठवत नाही.

बऱ्याच वेळानं नातू बाहेर आला. खिशाकडं न बघता माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आबा, आपला ऊस संपला?"

"संपला बाळा."

"मग आता रानात काय हाय?"

"खोडवा फुटायला लागंल. उद्या पाणी सोडायचंय. येतो का?"

तो येतो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्यानं खिशात हात घातला आणि तिथल्या चार शेंगा काढून फोडायला लागला.